हद्द आणि वाट : साष्टीची खाडी, मुक्त प्रवेश व सीमापार गुन्हा

(१)

दोन राज्यांच्या रहिवाशांना पारपत्र व प्रवेशपत्र यांवाचून परस्परांच्या मुलखात ये-जा करता आली, म्हणजे गुन्हेगारी वाढते, असा समज शासनव्यवहारात आणि लोकमतात सारखाच रुजलेला आढळतो. युरोपातील काही राष्ट्रांनी १९८५ मध्ये शेंगेन येथे करार करून आपापसांतील सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचे ठरविले, तेव्हा हाच आक्षेप पुढे आला. भारत व नेपाळ यांच्यामधील १९५० च्या तहाने खुल्या राहिलेल्या सीमेविषयी तो अद्यापही घेतला जातो. आक्षेप निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो ज्या स्वरूपात मांडला जातो त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. वाट खुली असणे ही एक गोष्ट, आणि त्या वाटेच्या दोन टोकांना दोन निराळे कायदे असणे ही दुसरी. गुन्हा यांपैकी कशातून उपजतो, हे ठरविल्यावाचून उपायाचा विचार करणे व्यर्थ होय.

या प्रश्नाची परीक्षा करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या नावांनी ओळखला जाणारा मुंबईच्या उपनगरांचा टापू म्हणजे जुने साष्टी बेट. हा टापू सतराव्या व अठराव्या शतकांत शंभराहून अधिक वर्षे परराज्य होता. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील ज्या खाडीवरून आज लाखो माणसे रोज कामावर जातात, ती खाडी त्या काळी दोन सार्वभौम सत्तांची सीमा होती. त्या सीमेवर माणसे कशी जात-येत होती, कोणत्या कृत्याला गुन्हा म्हटले जात होते आणि सीमा पुसली गेल्यावर त्या गुन्ह्याचे काय झाले, याचा इतिहास प्रस्तुत प्रश्नावर बराच प्रकाश पाडतो. त्याच्या जोडीला गोवा व दमण यांच्या सीमांचा आणि शेवटी नेपाळच्या सीमेचा अनुभव ठेवला, म्हणजे निष्कर्षाला पुरेसा आधार मिळतो.

(२)

प्रथम काही शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल; कारण शासनसंस्थेची जुनी दृष्टी पुष्कळदा कागदपत्रांपेक्षा शब्दांतच अधिक टिकून राहते. जुन्या मराठीत 'राहदारी' हा फारसीतून आलेला शब्द वाटेवरील जकात आणि त्या वाटेने जाण्याचा परवाना अशा दोन्ही अर्थांनी येतो. एकाच शब्दात कर आणि अनुज्ञा एकत्र नांदतात, हे सूचक आहे. प्रवासी कोण आहे, हा नाक्यावरचा मूळ प्रश्न नव्हता. तो काय घेऊन चालला आहे, हा होता. 'दस्तक' या शब्दाचा दरबारी वापरही बहुधा माल आणि त्याबरोबरची माणसे यांच्या निर्वेध प्रवासाशी निगडित होता.

'तस्कर' शब्दाचे अर्थांतरही असेच बोलके आहे. संस्कृतात तस्कर म्हणजे चोर. आधुनिक मराठीत 'तस्करी' म्हणजे जकात चुकवून अथवा बंदी मोडून माल सीमेपार नेणे, एवढाच संकुचित अर्थ उरला. चोरीत दुसऱ्याची वस्तू जाते. तस्करीत वस्तू पुष्कळदा स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलीच असते आणि तिला गुन्ह्याचे स्वरूप येते ते केवळ रेषा ओलांडल्यामुळे. 'हद्दपार' आणि 'तडीपार' या शब्दांची रचना तर भूगोलाचीच आठवण देते. 'हद्द' अरबी, 'तड' म्हणजे काठ किंवा किनारा. 'तडीस नेणे' या वाक्प्रचारातील तड तीच. ज्याला तडीपार करावयाचे त्याला पाण्याच्या पलीकडच्या काठाला लावावयाचे, अशी ही कल्पना आहे. खाडीकाठच्या शहराला ती शब्दशः लागू पडत होती.

(३)

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई, साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर सव्वाशे वर्षे माहीमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर एकच सत्ता होती आणि खाडी ही केवळ खाडी होती. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझाची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले. मुंबई म्हणजे नेमके काय, हा वाद तेथूनच सुरू झाला. इंग्रजांच्या मते साष्टी व ठाणे मुंबईबरोबर आले होते. गोव्याचा व्हाइसरॉय आन्तोनिओ द मेलो द काश्त्रो याच्या मते केवळ मुंबई बेट द्यावयाचे होते. अखेरीस फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्रे कुक याने पोर्तुगिजांनी घातलेल्या अटी मान्य करून बेटाचा ताबा घेतला. साष्टी पोर्तुगिजांकडे राहिली, आणि माहीम व वांद्रे यांच्यामधील पाण्यावरून एक आंतरराष्ट्रीय सीमा गेली.

कुकने मान्य केलेल्या अटी आजच्या परिभाषेत मुक्त संचाराचा करार होत्या. साष्टी, वसई व आसपासच्या पोर्तुगीज मुलखातील रहिवाशांना आपल्या होड्या घेऊन मुंबईच्या पाण्यातून आणि माहीम-वांद्रे यांच्यामधून जकात न देता जाता-येता यावे, अशी तरतूद त्यांत होती. दोन्ही काठांवर एकाच कुटुंबाची माणसे, एकाच मालकाची भाताची खाचरे आणि माडांच्या वाड्या असल्यामुळे ही तरतूद अटळच होती. परंतु तिच्या जोडीला दुसरी तरतूद होती, ती परस्परांच्या स्वाधीन करावयाच्या माणसांविषयी. पळून आलेले सैनिक, चोर व गुलाम यांना आश्रय द्यावयाचा नाही, हे समजण्यासारखे आहे. त्याच यादीत पोर्तुगीज गावांतील कुणबी व भंडारी यांचाही समावेश होता. त्यांना मुंबईत थारा देऊ नये आणि ते आल्यास त्यांच्या धन्यांच्या हवाली करावे, असे ठरविण्यात आले होते.

या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. साष्टीतील गावे पोर्तुगीज जमीनदार आणि धर्मसंस्था यांच्याकडे होती. शेत कसणारा कुणबी आणि ताडा-माडाचा रस काढणारा भंडारी यांच्या श्रमांवर त्या गावांचे उत्पन्न अवलंबून होते. खाडीपलीकडे नवे बंदर उभे राहत होते, तेथे मजुरी मिळत होती, आणि पोर्तुगीज मुलखात हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर असलेली बंदी तेथे नव्हती. अशा वेळी कुणब्याने होडीत बसून पलीकडे जाणे यात कोणाचीही वस्तू चोरीस जात नव्हती. तरीही करारानुसार तो, चोराप्रमाणेच, परत पाठविण्याजोगा ठरला. सीमा आखली जाण्यापूर्वी हेच कृत्य एका गावातून दुसऱ्या गावात जाणे एवढेच होते. साष्टीच्या काठावर नोंदला गेलेला पहिला 'सीमापार गुन्हा' हा असा श्रमिकाच्या स्थलांतराचा होता; आणि तो गुन्हा वाटेने निर्माण केला नव्हता, दोन काठांवरील जीवनमानांच्या अंतराने केला होता.

हा करार टिकला नाही. कुकने घातलेल्या सह्या इंग्लंडच्या राजसत्तेने पुढे मान्य केल्या नाहीत. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे वार्षिक दहा पौंडांच्या खंडाने आली आणि गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या कारकिर्दीत बाहेरून कारागीर व व्यापारी यांना बोलावून शहर वसविण्याचे धोरण उघडपणे स्वीकारले गेले. उलट पोर्तुगिजांनी ठाणे व करंजा येथे इंग्रजांच्या मालावर जकाती बसविल्या. मुंबई बेटावर धान्य पुरेसे पिकत नव्हते. साष्टीतून ते आणल्यावाचून गत्यंतर नव्हते. नाक्यावरचा कर जसा वाढे तसा नाका टाळून जाण्याचा मोह वाढे, आणि खाजणांनी व खारफुटीने भरलेल्या त्या किनाऱ्यावर नाका टाळणे अवघड नव्हते. माणसाच्या जाण्यायेण्याला अटकाव असो वा नसो, मालाच्या किमतीतील फरक आपली वाट शोधून काढीत असे.

(४)

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. साष्टी त्यापूर्वीच बव्हंशी मराठ्यांच्या हाती आली होती. खाडीच्या उत्तरेची सत्ता बदलली, सीमा मात्र तीच राहिली. त्याच वर्षी कॅप्टन इंचबर्ड याच्या मध्यस्थीने इंग्रजांनी चिमाजी आप्पांशी तह केला व पेशव्यांच्या मुलखात मुक्त व्यापाराची सवलत मिळविली. येथेही व्यापाराला वाट दिली गेली, परंतु दोन्ही राज्यांची न्यायव्यवस्था आपापल्या काठाशी थांबत होती. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. सार्वभौम सत्तांची सीमा या पाण्यावरून कायमची उठली.

सीमा उठल्यावर वाट बांधली गेली, हा क्रम पाहण्यासारखा आहे. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात शीवचा बांध १८०५ मध्ये पुरा झाला. माहीम-वांद्रे यांना जोडणारा बांध १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी मोठी देणगी दिली आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून कर घेऊ नये अशी अट घातली. १६६५ च्या अटींमध्ये होडीला जी करमुक्ती होती, ती १८० वर्षांनी पायी जाणाऱ्याला आणि बैलगाडीला मिळाली. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि तिचा मार्ग घाटकोपर-मुलुंडच्या गावांमधून गेला. १८६७ मध्ये विरारहून अंधेरी-वांद्र्याच्या बाजूने शहराकडे गाडी धावू लागली. साष्टीचा माणूस आता घटकाभरात शहरात पोहोचू लागला.

परंतु राज्याची सीमा नाहीशी झाली तरी कायद्याची सीमा राहिली होती. मुंबई शहराला स्वतंत्र पोलीस व्यवस्था होती; साष्टी हा १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. त्या वर्षी मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला, तोही शहराहून वेगळा. १९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्याने उपद्रवी इसमास शहराबाहेर घालविण्याचा अधिकार पोलीस आयुक्तास दिला होता. शहराबाहेर म्हणजे कोठे, तर खाडीच्या पलीकडे. एका काठाने ज्याला नकोसा ठरविला, तो दुसऱ्या काठाच्या पदरी पडत असे, आणि गाडीचे तिकीट काढून संध्याकाळी परत येण्यास त्याला पाण्याचीही अडचण नव्हती. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपरपलीकडे गेली आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने शहर व जिल्हा यांच्या पोलीस दलांचे कायदे एकत्र केले आणि हद्दपारीच्या आदेशात लगतच्या जिल्ह्यांचाही समावेश करण्याची सोय केली. आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने हाच कायदा लागू आहे. त्यातील 'लगतचा जिल्हा' हे शब्द अनुभवातून आलेले आहेत. वाट बंद करता येत नाही हे मान्य झाल्यावर कायद्यालाच वाटेइतके लांब व्हावे लागले.

(५)

साष्टीच्या सीमेवर जे प्रयोग अर्धवट राहिले त्यांपैकी एक पूर्णपणे करून पाहण्यात आला तो गोव्याच्या सीमेवर. गोव्यातही साष्टी नावाचा तालुका आहे आणि दोन्ही नावांची उपपत्ती परंपरा सहासष्ट गावांपासून लावते, एवढा योगायोग येथे नमूद करून पुढे जाता येईल. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन व पोर्तुगाल यांनी आपापल्या हिंदुस्थानातील मुलखांविषयी जो तह केला, तो व्यापार आणि गुन्हेगारांचे प्रत्यर्पण अशा दोन विषयांचा संयुक्त तह होता. त्यान्वये १८८० पासून दोन मुलखांमधील जकातीची रेषा उठविण्यात आली, आयात कराचे दर समान करण्यात आले, आणि मीठ व अबकारी यांची व्यवस्था ब्रिटिश पद्धतीशी जुळती करण्यात आली. मिठाच्या नियंत्रणाबद्दल ब्रिटिश हिंदुस्थान सरकार गोव्याच्या सरकारला वर्षाला चार लाख रुपये देत असे.

ब्रिटिशांच्या दृष्टीने या व्यवस्थेचा एक प्रमुख हेतू होता. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता, गोव्यातील मीठ स्वस्त होते, आणि घाटवाटांनी ते बेळगाव व कारवारकडे चोरून जात होते. घाटातील प्रत्येक पायवाटेवर शिपाई बसविणे अशक्य होते, म्हणून किमतीतील फरकच काढून टाकण्याचा मार्ग अनुसरला गेला. फरक गेल्यावर मीठ चोरून नेण्यात लाभ उरला नाही. वाट मात्र पूर्वीपेक्षा अधिक खुली झाली होती. तथापि या उपायाची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. गोव्यातील मिठागरवाले आणि माडाचा रस काढणारे यांच्यावर नव्या करांचा भार पडला, असंतोष वाढला आणि पुष्कळ माणसे उपजीविकेसाठी मुंबईची वाट धरू लागली. जानेवारी १८९२ मध्ये तहाची मुदत संपली, तो पुन्हा करण्यात आला नाही, आणि घाटमाथ्यावर जकातनाके परत आले.

सीमेपलीकडचा आश्रय नेहमी दुर्जनालाच मिळतो, असेही समजू नये. १८४४-४५ च्या सावंतवाडीच्या उठावातील फोंड सावंत व त्यांचे सहकारी यांनी गोव्यात आसरा घेतला होता. शंभर वर्षांनंतर प्रवाह उलटा वाहिला. गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने शिक्षा ठोठावलेले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा पोर्तुगालच्या कैदेतून सुटून पुढे मुंबईस आले व १९५८ मध्ये मुंबईतच निवर्तले. एका काठाचा अपराधी दुसऱ्या काठाचा देशभक्त ठरतो, तेव्हा प्रत्यर्पणाचा प्रश्न पोलिसांच्या कक्षेबाहेर जातो. म्हणूनच बहुतेक प्रत्यर्पण करारांत राजकीय अपराधांचा अपवाद केलेला असतो.

स्वातंत्र्योत्तर काळात हीच सीमा दुसऱ्या टोकाकडून पाहावयास मिळते. मुंबई राज्यात १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू झाली, आणि गोवा-दमण येथे ती नव्हती. १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहावर झालेल्या गोळीबारानंतर भारत सरकारने सीमेवरील रहदारी जवळजवळ बंद केली. खुली असलेली वाट बंद झाली. परंतु दमण व गोवा येथून सोने, घड्याळे व मद्य चोरून आणण्याचा धंदा बंद पडला नाही. त्याने जमिनीवरून समुद्रावर जागा बदलली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव भारतात आले आणि ती सीमाच नष्ट झाली. तरीही दमणच्या किनाऱ्यावरून सोने येत राहिले, कारण त्याचे मूळ दमणमध्ये नव्हते. आखाती बाजारातील भाव व भारतीय बाजारातील भाव यांच्या फरकात होते. मद्याचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. दमण आणि गुजरात यांच्यामध्ये आज कोणतीही राष्ट्रीय सीमा नाही. पण गुजरातेत दारूबंदी आहे, दमणमध्ये नाही, आणि त्यामुळे तेथील वाटेवर चोरटी वाहतूक अद्याप चालते. तिला आंतरराष्ट्रीय म्हणता येत नाही, एवढाच काय तो भेद.

(६)

सोन्याच्या इतिहासाचा शेवट पुन्हा उपनगरांतच होतो. मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरीलगत सहार येथे आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीज साष्टीत असलेल्या या गावात आज देशाची एक अत्यंत वर्दळीची सीमा आहे. ती चारी बाजूंनी भारतीय वस्तीने वेढलेली असून तिच्या काचेच्या दारापलीकडे कायद्याच्या दृष्टीने परदेश सुरू होतो. या सीमेवरून येणाऱ्या बहुतेकांजवळ पारपत्र असते आणि बहुतेक परकीय नागरिकांजवळ प्रवेशपत्रही असते. तरीदेखील चोरटे सोने सर्वाधिक प्रमाणात पकडले जाणाऱ्या ठिकाणांमध्ये तिची गणना होते. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९२ पासून अनिवासी भारतीयांना कर भरून सोने आणण्याची मुभा मिळाली. त्यानंतर चोरट्या आयातीला ओहोटी लागली. २०१३ मध्ये आयात कर दहा टक्क्यांवर नेण्यात आला तेव्हा ती पुन्हा वाढली. या साऱ्या काळात प्रवाशांच्या कागदपत्रांच्या तपासणीत ढिलाई आली नव्हती. बदलला तो केवळ कराचा दर.

येथे एक इशारा मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. एका मालासाठी तयार झालेली चोरवाट दुसऱ्या मालासाठीही वापरली जाते. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या बाँबस्फोटांसाठी स्फोटके त्या वर्षाच्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे उतरविण्यात आली, ती सोने-चांदीच्या चोरट्या वाहतुकीने वर्षानुवर्षे तयार केलेल्या साखळीतून. ज्या फरकामुळे चोरवाटेला लाभ मिळतो तो फरक दीर्घकाळ चालू ठेवणे म्हणजे त्या साखळीला पोसणे होय.

(७)

आतापर्यंतच्या विवेचनावरून मुक्त प्रवेशाचा गुन्ह्याशी काहीच संबंध नाही, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. एका प्रकारच्या गुन्ह्याला खुली वाट खरोखर साह्य करते. तो म्हणजे माणसांचाच व्यापार. ३१ जुलै १९५० च्या तहाने भारत व नेपाळ यांनी परस्परांच्या नागरिकांना निवास, व्यापार व संचार यांबाबत समान वागणूक देण्याचे मान्य केले. या व्यवस्थेमुळे असंख्य नेपाळी कुटुंबांना उपजीविका मिळाली; उपनगरांतील घरसंकुलांच्या दारांवर राखण करणारी माणसे पुष्कळदा याच वाटेने आलेली असतात. परंतु याच वाटेने दलालांनी नेपाळातील मुली मुंबईच्या वेश्यावस्तीत आणून विकल्या. नाक्यावर मुलीजवळ कागद मागितला जात नव्हता, आणि बरोबरचा पुरुष सांगेल ते तिचे नाव व नाते ठरत होते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी मुंबईतील कुंटणखान्यांवर धाडी घालून शेकडो मुलींची सुटका केली. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. पुढे जे घडले ते प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. येताना ज्या सीमेवर या मुलींना कोणी अडविले नव्हते, तीच सीमा परतताना त्यांना बंद झाली. त्या नेपाळच्या नागरिक आहेत याचा पुरावा कोठे, असा प्रश्न निघाला आणि मुली महिनोन्महिने शासकीय वसतिगृहांत अडकून पडल्या. सव्वाशेच्या सुमारास मुली त्याच वर्षी जुलैमध्ये काठमांडूस परतल्या, त्या मुख्यतः स्वयंसेवी संस्थांच्या प्रयत्नांमुळे. दलालाला कागद लागला नाही. त्याने फसविलेल्या मुलीला मात्र लागला.

याचे कारण वाटेच्या खुलेपणात शोधण्यापेक्षा वाटेच्या जोडीला जे असावयास हवे होते त्याच्या अभावात शोधले पाहिजे. भारत व नेपाळ यांच्यामधील प्रत्यर्पणाचा तह १९५३ चा आहे. माणसांच्या व्यापाराविरुद्ध दोन देशांच्या पोलिसांनी एकत्र तपास करावा, पीडित व्यक्तीची ओळख पटवावी आणि तिला परत न्यावे, अशी यंत्रणा त्या सीमेला जोडलेली नव्हती. युरोपातील शेंगेन देशांनी नाके उठविताना १९९० च्या अंमलबजावणीच्या करारात पोलीस सहकार्याचा, पाठलाग करीत सीमा ओलांडण्याचा आणि सामाईक माहिती नोंदवहीचा समावेश केला होता. १९९५ मध्ये तपासणी प्रत्यक्ष थांबली, ती ही तयारी झाल्यावर. तेथेही गुन्हे घडतात. परंतु तेथील गुन्हेगाराला सीमा ओलांडल्याचा लाभ पूर्वीइतका मिळत नाही, कारण त्याच्या मागोमाग कायदाही सीमा ओलांडतो.

(८)

साष्टीच्या खाडीपासून सहारच्या विमानतळापर्यंतच्या या इतिहासातून सीमापार गुन्ह्याचे तीन वर्ग स्पष्ट होतात. पहिला वर्ग दोन काठांवरील दर, कर अथवा बंदी यांच्या फरकातून जन्मतो; मीठ, मद्य व सोने यांची चोरटी वाहतूक या वर्गात येते. त्याच्यावर प्रवेशपत्राचा परिणाम अल्प होतो, फरक कमी करण्याचा होतो. दुसरा वर्ग आश्रयाचा. अपराध करून पलीकडे जाणाऱ्याला वाटेपेक्षा कायद्याच्या तुटकपणाचा अधिक उपयोग होतो. त्यावर प्रत्यर्पण व पोलीस सहकार्य हाच उपाय आहे. तिसरा वर्ग माणसांच्या व्यापाराचा. येथे खुली वाट गुन्हेगाराच्या उपयोगी पडते. परंतु ती बंद केली तर प्रथम अडतो तो रोजगारासाठी निघालेला गरीब, जसा १६६५ मध्ये साष्टीचा कुणबी अडला होता. दलालाला नदीनाल्यांतून जाणारी दुसरी वाट ठाऊक असते.

मराठी माणसाच्या तोंडी 'ही आमची हद्द नव्हे' हे वाक्य पोलीस ठाण्याच्या अनुभवातून आलेले आहे. धावत्या गाडीत लुटला गेलेला प्रवासी मुलुंडला उतरावे की ठाण्याला, गुन्हा रेल्वे पोलिसांकडे नोंदवावा की शहर पोलिसांकडे, या विवंचनेत कित्येक वर्षे हेलपाटे घालीत आला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे, हे तत्त्व कायद्यात स्पष्टपणे आणले. ते तत्त्व एका देशापुरते आहे. दोन देशांमधील मुक्त प्रवेशाला त्याचीच गरज आहे. ज्या वाटेने माणूस कागदावाचून जाऊ शकतो, त्या वाटेवर त्याला कागदावाचून तक्रारही करता आली पाहिजे आणि ती दोन्ही काठांवर ऐकली गेली पाहिजे. १६६५ च्या अटींमध्ये धन्याला आपला कुणबी परत मागण्याची सोय होती. त्या कुणब्याने आपले गाऱ्हाणे कोठे सांगावे, याची मात्र नव्हती.